जुनी इम्पल्स घ्यावी का?

प्रश्न : कॉलेजात असताना मातीत भरपूर बाइक चालवली. आता वय ४७. २०१२ची हीरो इम्पल्स मिळते आहे. घेऊ का?

उत्तर : निवड चांगली आहे. २०११ साली आलेली ही दीडशे सीसीची गाडी हलकी, साधी, कार्बोरेटरवाली. इंजिन हीरोच्याच हंक-एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं असल्यामुळे त्याची फारशी काळजी नाही. अडचण येते ती प्लास्टिक, टाकी आणि मागच्या शॉकअपच्या भागांची. गाडी केव्हाच बंद झाली. म्हणून तुटक्या-फुटक्या गाडीपेक्षा पूर्ण गाडीला चार पैसे जास्त मोजा.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा, गाडी आधी तापवून ठेवू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं यावरून बरंच कळतं. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर तेल जळतंय. पुढच्या फोर्कवर तेलाचे ओघळ असतील तर सील बदलणं स्वस्त, पण नळ्यांना गंज असेल तर सील टिकणार नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली हलवा. सैल सांध्यांमधला खडखडाट हाताला लागतो. हँडलच्या मानेजवळची वेल्डिंग टॉर्च लावून पाहा. नवा रंग तिथेच दिसला तर सरळ परत या.

कागद विसरू नका. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२७ मध्ये फिटनेस करून नूतनीकरण आलंच. कर्जाचा बोजा उतरलाय का, चॅसी नंबर जुळतो का, तेही बघा.

आणि हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे पॅड यांचे पैसे आधी बाजूला काढा. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघा लवकर भरून येत नाही.