नव्या कपाटाचा वास आणि उघड्या कडा

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. दीड महिन्यापासून खोकला, तोही रात्री जास्त. सकाळी उठल्यावर डोळे लाल. ताप नाही, भूक बरी, छातीत थोडी घरघर. औषध चालू असेपर्यंत बरे वाटायचे, पुन्हा तेच. बोलता बोलता बाई म्हणाल्या, "सुट्टीत आजोळी आठ दिवस होता, तिथे एकदाही खोकला नाही." दम्याच्या मुलाबद्दल असे वाक्य कानावर पडले की औषध बदलण्याआधी घरात नवीन काय आले ते विचारावे, असा माझा अनुभव आहे.

दसऱ्याच्या आधी मुलाच्या खोलीत पलंग, भिंतभर कपाट आणि अभ्यासाचे टेबल आले होते. "पण डॉक्टर, आम्ही मुद्दाम झाड न तोडता केलेले बोर्ड घेतले. उसाच्या चिपाडाचे. इकोफ्रेंडली आहेत म्हणून दुकानदाराने सांगितले."

दुकानदार खोटे बोलला नव्हता. साखर कारखान्यातले चिपाड (कारखान्याच्या भाषेत बगॅस) दाबून बोर्ड केला की लाकूड वाचते, हे खरेच. पण ते तंतू एकमेकांना चिकटवणारे काहीतरी लागतेच, आणि स्वस्त बोर्डांत ते बहुधा युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून केलेला गोंद असतो. फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळवले की झाले फॉर्मलिन. मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढणारे तेच ते. म्हणजे बोर्ड झाडाला अनुकूल आहे म्हणून फुप्फुसालाही अनुकूल असेलच असे नाही. हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि दुकानात दोन्ही विचारावे लागतात.

हा वायू नव्या बोर्डातून हळूहळू, महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. उष्मा आणि दमट हवा असली की जास्त. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, नाक चोंदते. दमेकऱ्याला धाप लागू शकते. घरातल्यांच्या नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे "आम्हाला तर काही वास येत नाही" या उत्तरावर मी विसंबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी मर्यादा सुचवली ती अशी: अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट धरली, तर सुमारे २८ घनमीटर हवा. म्हणजे साऱ्या खोलीत मिळून ३ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. उलट 'ई-१' या चांगल्या दर्जाच्या बोर्डात १०० ग्रॅममागे ८ मिलिग्रॅमपर्यंत फॉर्मल्डिहाइड चालते, आणि आठ बाय चारचा जाड बोर्ड ३० किलोहून अधिक भरतो. तो साठा एका दिवसात बाहेर येत नाही म्हणून निभावते. पण त्याला झाकण हवे, हे गणितावरूनच कळेल.

बोर्डाच्या दोन्ही अंगांना सनमायकासारखा थर असतो, तो पुष्कळसा वायू अडवतो. खरी वाट असते कापलेल्या कडेतून. टोस्ट मोडल्यावर आत जाळी दिसते ना, तशी ती कड असते. तिच्यावर बसवायची प्लास्टिकची पट्टी म्हणजे एज बँड. लोक ती रंग जुळवून, शोभेसाठी निवडतात. माझ्या लेखी ती बाटलीच्या बुचासारखी आहे.

त्या घरी मी संध्याकाळी मुद्दाम गेलो. कपाट उघडून फळ्यांच्या कडांवरून बोट फिरवले. समोरच्या कडांना छान पांढरी पट्टी. मागच्या कडा, तळ, टेबलाला वायरसाठी पाडलेले भोक, सगळे उघडे. जे दिसत नाही त्याला पट्टी कशाला, असा मिस्त्रीचा हिशेब. पैसे वाचले, पण बूच अर्धेच लागले. ऑर्डर देतानाच "प्रत्येक फळीच्या चारी कडा" असे कागदावर लिहून घ्यावे. बिजागऱ्यांची जास्तीची भोके टोपणाने बंद करावीत.

आता कोणते प्लास्टिक? बाजारात सर्वांत जास्त मिळते ती पीव्हीसीची पट्टी. स्वस्त, रंग भरपूर, आणि नीट चिकटवली तर वायू अडवण्याचे काम ती करते. तिचा दोष असा की तिच्यात क्लोरीन असते आणि जळली की घशाला झोंबणारा आम्लाचा धूर होतो. आपल्याकडे कापलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात टाकण्याची वाईट खोड आहे. पट्टीचे नको आणि बोर्डाचेही नको. एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन या पट्ट्यांत क्लोरीन नसते; महाग पडतात, पण मुलांच्या खोलीसाठी परवडत असेल तर मी एबीएस सुचवीन.

प्लास्टिकच्या नावापेक्षा जाडी आणि चिकटवण्याची पद्धत यांकडे जास्त लक्ष द्यावे. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी कोपऱ्यावर लवकर सुटते. आतल्या फळ्यांना ०.८ ते १ मिलिमीटर पुरे. टेबल, पलंग, दारे यांना २ मिलिमीटरची, गोल केलेली घ्यावी. टेबलाच्या धारदार कोपऱ्यावर फुटलेली कपाळे मी पुष्कळ शिवली आहेत, म्हणून हा आग्रह! शेगडी आणि सिंकजवळ साध्या गरम गोंदाची पट्टी उष्णतेने आणि पाण्याने सुटते. तिथे पॉलियुरेथेन गोंद टिकतो. तो लावताना मात्र त्याच्या वाफा कारागिराला दमा लावू शकतात, तेव्हा ते काम हवेशीर कारखान्यातच व्हावे. एकूणच फळ्या कारखान्यात कापून, यंत्रावर पट्टी लावून आणणे बरे. घरी बसून उग्र वासाच्या पिवळ्या गोंदाने पट्टी लावली तर त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रावकाने डोके चढते, ते वेगळेच.

कर्करोगाबद्दल विचारणा होतेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइड मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्यामागचा पुरावा मुख्यतः वर्षानुवर्षे त्यातच काम करणाऱ्यांचा आहे. एका कपाटाने घाबरून जाऊ नये. मात्र अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या लहान, बंदिस्त फिरत्या घरांत हा वायू इतका साठला की सरकारी आरोग्य खात्याने २००८ साली लोकांना उन्हाळ्याआधी तिथून हलवा असे सांगितले. आपल्या एसीच्या बंद खोलीत भिंतभर कपाट बसवताना ते आठवावे.

त्या मुलाला तीन आठवडे मधल्या खोलीत झोपवायला सांगितले. कपाटाची दारे आणि खिडक्या दिवसभर उघड्या. मिस्त्रीने फळ्या काढून नेल्या आणि राहिलेल्या कडांना पट्टी लावून आणली. खोकला पुष्कळ कमी झाला. पट्टीमुळे, हवेमुळे की नियमित पंपामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंप अजून चालूच आहे.

फळ्या परत बसवायला मिस्त्री आला तेव्हा मी तिथे होतो. भोक पाडताना तो दोनदा थांबून खोकला. किती दिवसांचा आहे, विचारले. "धंदाच असा साहेब, दहा-बारा वर्षं झाली." तोंडाला साधा रुमालही नव्हता. लाकडाची धूळसुद्धा १९९५ पासून त्याच पहिल्या गटात आहे. दुसऱ्या दिवशी त्याला छातीचा फोटो काढून दवाखान्यात यायला सांगितले.