सही करण्यापूर्वी

भाईंदर (पश्चिम)

चि. बाळास,

तुझ्या आईने माझ्याकडे ठेवलेला त्या एमएमए आयोजकाच्या करारनाम्याचा मसुदा मी बारकाईने वाचला, आणि बॉक्सिंग सोडून एमएमएकडे (मिश्र युद्धकलांकडे) वळण्याचा तुझा मनोदय तिने ज्या काळजीने सांगितला तोही शांतपणे ऐकून घेतला. मीरा रोड आणि भाईंदर यांत एका स्थानकाचे अंतर असताना मामाने पत्र कशाला लिहावे, असे तुला वाटेल. परंतु समोरासमोर बसलो की तू मोबाइलवर एखादी लढत लावतोस, ती पाहण्यात दोघांचाही वेळ जातो आणि पैशाचा विषय राहून जातो, म्हणून तो आकड्यांसह कागदावर मांडलेला बरा.

एमएमए अधिक लोकप्रिय आहे हे तुझे म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे. मुष्टियुद्धाच्या धंदेवाईक जगात डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संस्था एकाच वजनगटात आपापले जगज्जेते घोषित करतात, आणि श्रेष्ठांत श्रेष्ठ कोण हे ठरवणारी लढत वर्षानुवर्षे वाटाघाटींत अडकून राहते. उलट १९९३ साली डेन्व्हर येथे आरंभ झालेल्या यूएफसी या एमएमए संस्थेने एकछत्री कारभार केल्यामुळे तेथे प्रेक्षकाला हवी ती लढत पुष्कळ वेळा प्रत्यक्ष घडते, आणि जवळजवळ दर आठवड्याला काही ना काही पाहावयास मिळते. २०२५ साली याच संस्थेने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी पॅरामाउंट कंपनीशी सात वर्षांचा, ७७० कोटी डॉलरांचा करार केला, यावरून तरुण प्रेक्षक कोठे आहे हे उघड दिसते. आपल्याकडेही २०१२ साली अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीगचा पहिला प्रयोग झाला आणि २०१९पासून मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाली, तेव्हा हा खेळ मुंबईला परका राहिलेला नाही.

पण लोकप्रियता खेळाची, संस्थेची की लढणाऱ्याची, हा प्रश्न तू स्वतःला विचारलेला नाहीस. कॉनर मॅकग्रेगर हा एमएमएचा सर्वांत मोठा तारा. २०१६ साली यूएफसीच्या रिंगणात त्याचा जाहीर झालेला मेहनताना ३० लाख डॉलर होता आणि तो त्या वेळचा उच्चांक मानला गेला. तोच माणूस २०१७च्या ऑगस्टमध्ये फ्लॉइड मेवेदरशी बॉक्सिंग खेळावयास उतरला, तेव्हा त्याला ३ कोटी डॉलरांची हमी मिळाली, आणि ज्याने आयुष्यभर बॉक्सिंगच केले त्या मेवेदरला १० कोटींची. जाहीर रकमेच्या पलीकडे दोघांनाही प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून आणखी हिस्सा मिळतो, हे खरे. तरी एकाच मनुष्याची हमी दुसऱ्या खेळाच्या दारात पाऊल टाकताच दसपट होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. फ्रान्सिस एन्गानूचे उदाहरण त्याहून बोलके आहे. यूएफसीचा अवजड गटाचा विजेता असताना २०२२च्या जानेवारीत त्याला एका लढतीचे ६ लाख डॉलर जाहीर झाले. पुढे करार संपताच, किताबावर पाणी सोडून, तो बाहेर पडला आणि २०२३च्या ऑक्टोबरात रियाध येथे टायसन फ्युरीशी बॉक्सिंग खेळून त्या रकमेच्या कितीतरी पट कमावून आला.

असे का व्हावे, याचे उत्तर शौर्यात नसून दस्तऐवजांत आहे. अमेरिकेत २००० साली महंमद अलीच्या नावाने एक कायदा झाला. त्यान्वये आयोजकाने लढतीतून आपल्याला किती उत्पन्न झाले ते मुष्टियोद्ध्याला उघड करावे लागते, आणि व्यवस्थापक व आयोजक या दोन भूमिकांत आर्थिक लागेबांधे असू नयेत असे बंधन आहे. एमएमएच्या खेळाडूंना त्या कायद्याचे संरक्षण लाभलेले नाही. यूएफसीवर खेळाडूंनीच मक्तेदारीची फिर्याद गुदरली तेव्हा न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांतून खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या पंचमांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असल्याचे जगाला कळले, आणि २०२४ साली ३७.५ कोटी डॉलरांवर त्या दाव्याची तडजोड झाली. ज्याचा माल एकच दुकान घेते त्याला भाव ठरवता येत नाही, हे आपल्या उत्तनच्या कोळ्यांना विचार.

याचा अर्थ बॉक्सिंगमध्ये सोने उधळले जाते असा मुळीच नव्हे. तेथेही वरच्या मूठभरांनाच कोट्यवधी मिळतात, आणि कार्यक्रमाच्या आरंभी, खुर्च्या रिकाम्या असताना लढणाऱ्या पोराच्या हाती प्रवास, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांचे देऊन झाल्यावर फारसे काही उरत नाही. परंतु भारतातील मुष्टियोद्ध्याचे उत्पन्न त्या लढतींतून येतच नाही. ते पदकातून येते, आणि पदकातून नोकरी येते. विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला कांस्यपदक मिळवले, त्यानंतर तो हरियाणा पोलिसांत उपअधीक्षक झाला, आणि मग २०१५ साली तो धंदेवाईक बनला; ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीला झुल्पिकार मैमैतिअलीशी झालेली त्याची लढत पाहावयास जी गर्दी लोटली, ती बीजिंगच्या पुण्याईवर. आपल्या मराठी मुलुखातही ही परंपरा आहे: १९८८च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार भारताकडून रिंगणात उतरले होते. राज्य शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंस ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सैन्यदल यांची दारे आहेत, आणि या सर्व ठिकाणी मान्यताप्राप्त स्पर्धेचे पडताळणी झालेले प्रमाणपत्र मागितले जाते. तू मनपास्तरीय व विभागीय स्पर्धा जिंकून राज्यस्तरापर्यंत पोहोचला आहेस. हे अर्ध्या वाटेवरचे भांडवल आज टाकून देणे मला अत्यंत असमंजसपणाचे वाटते.

ज्यांनी एमएमएचा मार्ग धरला त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. कुस्तीतून आलेला आपला भारत खंडारे २०१७च्या नोव्हेंबरात शांघाय येथे यूएफसीमध्ये उतरला तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या साँग याडाँगकडून पहिल्याच फेरीत पराभूत झाला. पण पहिले पाऊल त्याचे होते. अंशुल जुबलीने २०२३ साली तेथे स्थान मिळवले, आणि २०२४च्या जूनमध्ये पूजा तोमर तेथे जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. मात्र पूजा आधी वुशूची राष्ट्रीय विजेती होती आणि भारत मल्ल होता, हे विसरू नकोस. कोणत्या तरी एका विद्येत पारंगत झाल्यावरच ती मंडळी तिकडे वळली. २०२६च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांत एमएमएचा अंतर्भाव झाला आहे, त्यामुळे उद्या या खेळालाही राजमान्यतेचा लाभ मिळेल, आणि तसा तो मिळावा अशीच माझी इच्छा आहे.

आता मसुद्याकडे येतो. माझे आयुष्य न्यायालयाच्या दफ्तरात इतरांचे करार वाचण्यात गेले, म्हणून सांगतो की हा कागद तुझ्या हिताचा नाही. मुदत पाच वर्षांची आहे, ती वाढवण्याचा अधिकार मात्र केवळ आयोजकाला आहे. मोबदल्याच्या कलमात आकडा नाही, 'परस्परसंमतीने ठरेल त्याप्रमाणे' एवढेच शब्द आहेत. जायबंदी झाल्यास औषधोपचाराचा खर्च तुझा. आणि त्या मुदतीत तू अन्यत्र कोठेही, हौशी स्पर्धेतदेखील, खेळायचे नाहीस. हे शेवटचे कलम तुझी राज्य स्पर्धाच बंद करते. शिवाय तुला अद्याप अठरा पूर्ण नाहीत, आणि १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे ठाऊक असूनही जो तुझी सही मागतो त्याची घाई कशासाठी आहे, याचा तूच विचार कर. सरावाआधी तू अंगठ्यात फास अडकवून मनगटावर पट्टीचे वेढे घेतोस, मग ती एकेका बोटाच्या बेचक्यातून ओढून मूठ मिटून पाहतोस, आणि जरा सैल वाटली तर सारी उकलून पुन्हा बांधतोस. ती चिकित्सा या कागदाच्या बाबतीत का दाखवली नाहीस?

माझा सल्ला असा की बारावी आणि राज्य स्पर्धा पार पडेपर्यंत बॉक्सिंग सोडू नये. सायंकाळी हवी तर कुस्ती शिकावी. जमिनीवरची पकड तुला येत नाही, आणि एमएमएमध्ये बॉक्सर बहुधा तेथेच हरतो. एकविसाव्या वर्षीही मन तिकडेच ओढत असेल तर अवश्य जा, तेव्हा तुझ्या हाती प्रमाणपत्र असेल आणि मोबदल्याच्या कलमात आकडा घालून घेण्याची ताकदही. त्या वेळचा मसुदा मी स्वतः तपासून देईन.

सध्याचा कागद माझ्यापाशीच ठेवला आहे. त्या आयोजक गृहस्थांचा फोन आला तर मामांकडे आहे असे स्पष्ट सांग, आणि त्यांना हवे असल्यास माझा पत्ता दे. ताईस व भाऊजींस नमस्कार सांग.

तुझा,
मामा