उन्हाळ्यातील पक्षी, फुलपाखरे व चतुर : एक निरीक्षणपाठ

(इयत्ता ३ री व ४ थी; परिसर अभ्यास)

खानदेशाच्या कडक उन्हाळ्यात पाहण्याजोगे काही उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पाणी व सावली मोजक्याच जागी उरल्यामुळे जीव तेथे एकवटतात आणि बालकांना त्यांचे निरीक्षण सोपे जाते. जळगाव-भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावी सकाळच्या शाळेच्या दिवसांत हा पाठ घेता येईल.

हेतू : पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद मुलांस कळावा आणि पाहिलेले खरेपणाने नोंदविण्याची सवय त्यांस लागावी.

निरीक्षण : ऊन चढण्यापूर्वी वर्गास पुढील तीन ठिकाणी क्रमाने न्यावे.

१. मोठे झाड : ‘कुहू कुहू’ करणारा काळा, लाल डोळ्यांचा पक्षी नर होय. मादी तपकिरी व ठिपकेदार असते. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. ‘कोकिळा गाते’ हे ऐकीव वाक्य मुलांनी स्वतः पडताळावे.

२. लिंबू व रुई : लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा लहान सुरवंट आढळतो, मोठा झाल्यावर तो हिरवा होतो व पुढे त्याचे फुलपाखरू बनते. रुईवर काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट असतात. रुईच्या विषारी चिकामुळे पक्षी त्यांस सहसा खात नाहीत.

३. पाणवठ्याचा उथळ काठ : चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा पंख पाठीवर मिटून बसते. दोहोंची पिल्ले पाण्यात वाढतात. टिटवी मोकळ्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते. ती ओरडू लागताच वर्गाने मागे फिरावे. अंड्यांस कोणी हात लावू नये. विहिरीजवळ मुलांस नेऊ नये.

नोंद : वहीत दिनांक, वेळ, ठिकाण, काय दिसले, किती व काय करीत होते, असे सहा रकाने आखावेत. नाव ठाऊक नसल्यास रंग व आकार लिहावा. अंदाजाने नाव घालू नये. ‘आज दिसले नाही’ हीदेखील नोंदच होय.

चर्चा : नोंदीच्या खरेपणाचे महत्त्व खानदेशातीलच उदाहरणाने पटवावे. रानपिंगळा या लहान घुबडाचे नमुने जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या दशकात खानदेशात गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणास आढळला नाही. पुढे रिचर्ड माइनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचे नोंदविले. ती नोंद खोटी होती. डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. त्या चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली. पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नमुन्यांवरील ठिकाणे धरून शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा आढळला. एकाची खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडली. दुसऱ्याच्या खोट्या चिठ्ठीने इतरांचे श्रम वाया घालविले.

स्वाध्याय : दोन मुलांच्या नोंदींत फरक पडल्यास शिक्षकांनी निर्णय देऊ नये, दोघांस दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पाहण्यास सांगावे. जास्त नावे लिहिणाऱ्यापेक्षा नेमके लिहिणाऱ्याचे कौतुक करावे. वर्षअखेर वही शाळेत जपून ठेवून पुढील वर्गास द्यावी, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात त्याच दिवसांची तुलना करता येईल.