वीर्यस्खलनातील विलंब

कामोत्तेजना पुरेशी असून व स्खलनाची इच्छा असूनही वीर्यस्खलनास फार वेळ लागणे, किंवा ते मुळीच न होणे, यास विलंबित स्खलन म्हणतात. शीघ्रस्खलनाच्या जाहिराती भिंतीभिंतीवर दिसतात. या विकाराविषयी मात्र रुग्ण डॉक्टरांपुढेही तोंड उघडीत नाही. केवळ घड्याळावरून त्याचे निदान होत नाही. २०१३ च्या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणानुसार ही अडचण सुमारे सहा महिने, जवळजवळ प्रत्येक प्रसंगी येत असेल व तिच्यामुळे त्या पुरुषास मनस्ताप होत असेल, तरच तिला विकार म्हणावयाचे.

स्खलनाच्या अवस्था दोन. प्रथम शुक्राणू व ग्रंथींचे स्राव मूत्रमार्गाच्या मागील भागात येतात आणि मूत्राशयाचे तोंड मिटते. नंतर ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू लयबद्ध आकुंचन पावून वीर्य बाहेर लोटतात. दोहोंवर मज्जारज्जूचे व त्याहून वर मेंदूचे नियंत्रण असते. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य या क्रियेस चालना देते. सेरोटोनिन बहुतांशी तिला आवर घालते.

नैराश्यावरील फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन ही औषधे सेरोटोनिनचा प्रभाव वाढवितात. मन सावरते, पण स्खलन लांबते. हा औषधाचा परिणाम आहे हे ठाऊक नसलेला रुग्ण स्वतःच्या पौरुषाविषयी साशंक होतो, त्याची पत्नी आपण नकोशा झालो असे समजते, आणि अखेर तो गोळ्या गुपचूप सोडून देतो. त्यामुळे नैराश्य उलटण्याचा धोका असतो. वस्तुतः मात्रा कमी करणे वा औषध बदलणे डॉक्टरांना पुष्कळदा शक्य असते. त्यांना सांगितले पाहिजे, एवढेच.

मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी, मज्जारज्जूची इजा, अतिमद्यपान व वार्धक्य हीही कारणे होत. भीती, अपराधभाव, दांपत्यातील बेबनाव किंवा हस्तमैथुनाची एखादी विशिष्ट सवय यांमुळेही विलंब होतो. वीर्य उलट मूत्राशयात जाणे हा विकार निराळा; त्यात कामतृप्ती होते, आणि नंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात.

या विकारासाठी खास मान्यता मिळालेले औषध नाही. म्हणून बाजारातील गुप्त चूर्णांवर पैसा घालविणे व्यर्थ होय. मूळ कारणावर उपचार आणि पतिपत्नींना एकत्र बसवून केलेले समुपदेशन, हाच मार्ग. मज्जारज्जूस इजा झालेल्या पुरुषांत कंपनयंत्राच्या साहाय्याने वीर्य मिळविता येते, व त्यांपैकी काहींना अपत्यप्राप्तीही झालेली आहे.