वैद्यकीय शिक्षणाला संदेश-ॲपची जोड

वैद्यकशास्त्र हे मुख्यतः रुग्णाच्या खाटेपाशी शिकावयाचे शास्त्र आहे. तथापि एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपवून एक वर्षाची आंतरवासिता करणारे विद्यार्थी निरनिराळ्या विभागांत, तसेच काही काळ ग्रामीण आरोग्य केंद्रांत विखुरलेले असतात. शिक्षक व विद्यार्थी यांतील हे अंतर कमी करण्यासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या संदेश-ॲपचा उपयोग होऊ लागला आहे. तो कोणत्या रीतीने हितकारक ठरेल, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्रश्नांतून उजळणी

गटावर नुसती टिपणे व चित्रफिती टाकून फारसे साधत नाही. शिकलेले ज्ञान आरंभी झपाट्याने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने ते टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आले. रोज एक लहानसा प्रश्न देणे या तत्त्वाला धरूनच आहे.

उदाहरणार्थ, पावसाळ्याच्या दिवसांत शिक्षकाने सायंकाळी पुढील प्रश्न द्यावा : रात्री जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखीने जागा होतो, काही वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, अंगावर सूज वा जखम दिसत नाही. निदान काय? प्रत्येकाने आपले उत्तर प्रथम शिक्षकास स्वतंत्रपणे कळवावे व दुसऱ्या दिवशी गटावर चर्चा व्हावी. मण्यार या सापाच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही व त्याचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. म्हणून सर्पविषावरील प्रतिविष आणि श्वासोच्छ्वासास आधार यांची तत्काळ सिद्धता ठेवावी लागते, हा बोध अशा चर्चेतून मनावर ठसतो.

मात्र प्रत्यक्ष अत्यवस्थ रुग्णाबाबत गटावरील उत्तराची वाट पाहणे धोक्याचे होय. अशा वेळी वरिष्ठांशी थेट दूरध्वनीवरच बोलले पाहिजे.

रुग्णाची गुप्तता

२०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध स्वरूपात जातात. परंतु विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीत साठलेले किंवा त्याने पुढे धाडलेले छायाचित्र त्यामुळे सुरक्षित होत नाही. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करण्यास वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविनियमांनी मनाई केली आहे. लहान गावात तर नाव वगळले तरी हातावरचे गोंदण, व्यवसाय वा वस्ती यांवरून माणूस सहज ओळखला जातो. क्षयरोगाची किंवा कुष्ठरोगाची वार्ता याप्रमाणे फुटल्यास रुग्ण उपचारास येणेच सोडून देतो व त्याचे दुष्परिणाम सर्व गावास भोगावे लागतात.

यास्तव गट सुरू करतानाच काही नियम ठरविणे इष्ट होय. गटाची जबाबदारी एका शिक्षकाकडे असावी. रुग्णाचे नाव, चेहरा व गाव यांचा उल्लेख नसावा. छायाचित्रापूर्वी लेखी संमती घ्यावी. रात्रीच्या विश्रांतीच्या वेळी उत्तराची अपेक्षा ठेवू नये. आणि आंतरवासिता संपलेल्यांची नावे गटातून कमी करावीत.

गावाचे सहकार्य

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमानुसार वैद्यकीय विद्यार्थी गावातील कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घेतात. ही माहिती गावाच्या सर्वसाधारण संदेशगटावर येणार नाही, याविषयी पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य सेवकांनी दक्ष राहिले पाहिजे. विद्यार्थी छायाचित्र घेऊ लागल्यास ते कशासाठी व कोणाकडे जाणार, हे विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. ही गोष्ट ग्रामसभेत सर्वांना समजावून सांगणे उपयुक्त ठरेल.