गिऱ्हाईक गोव्याला खरेदीला का जातं? एका दिवसाचा पूर्ण हिशोब



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो, "आपलं गिऱ्हाईक गोव्याला फक्त स्वस्त म्हणून जात नाही." त्यावर बऱ्याच दुकानदार मित्रांचा प्रश्न आला, मग कशाला जातं? व्हिडिओत आकडे भरभर निघून गेले, म्हणून इथे सगळं नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओरोसला माझं चप्पल-बूट, शाळेच्या बॅगा आणि रेनकोट-छत्र्यांचं दुकान आहे. आमचे सीझन दोनच, जूनची शाळा आणि चतुर्थी. दोन वर्षांपूर्वी जूनचा सीझन संपला तेव्हा ४० हजारांचा माल शेल्फवर तसाच होता. व्यापाऱ्याचं देणं मात्र थांबत नाही. मी घरी एकच रडगाणं गायचो, "सगळी लोकं गोव्याला पळतात, आपल्याकडे कोण घेणार?"

आणि गंमत बघा. पुढच्या मे महिन्यात, मुलांना सुट्टी होती म्हणून, मीच घरच्यांना गाडीत घालून गोव्याला खरेदीला घेऊन गेलो!

दिवस कसा गेला

शुक्रवार मुद्दाम धरला, कारण शुक्रवारी म्हापशाचा बाजार. दुकान बंद ठेवलं. मी, बायको, दोन मुलं आणि आई. सकाळी सातला निघालो. कुडाळ, झाराप, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरलो आणि नऊच्या आत म्हापशाला पोचलो.

आईची आगोटीची खरेदी म्हापशात झाली. मिरच्या, सुकी मासळी, आणि शेवटचे शेवटचे मानकुराद आंबे. तिथून पुढे पर्वरीला, मॉल आणि ब्रँडच्या आउटलेटमध्ये. मुलं खूश, बायको खूश. आई मात्र दोन तास बाकड्यावर बसून म्हणाली, "म्हापसाच बरा होता."

तिथेच बुटांच्या रॅकसमोर आमच्या ओळखीच्या एक ताई भेटल्या. जिल्हा मुख्यालयात नोकरीला आहेत, माझं जुनं गिऱ्हाईक. मुलाला बूट घालून बघत होत्या. मला बघून हसल्या, "काय ओ, दुकानदारच गोव्याक?"

मी ओशाळलो आणि वर शहाणपणा केला, "ताई, थोडं कमी केलं असतं की भावात. इतक्या लांब कशाला यायचं?"

त्या म्हणाल्या, "भावाचा काय नाय ओ. पाच नंबर गावना नाय तुमच्याकडे. तीन वेळा इलंय. दर वेळी तुमी म्हणतास, फुडच्या आठवड्यात येतलो."

मित्रांनो, त्या दिवसाची सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे हे वाक्य. आणि ते मला फुकट मिळालं.

आता हिशोब

घरी आल्यावर रात्री बिलं पसरून बसलो.

वाचलेले पैसे:
- यादीतल्या वस्तूंचं बिल ७,४०० रुपये. तशाच वस्तू आपल्याकडे साधारण ८,९०० ला. बचत १,५०० रुपये.
- येताना ३० लिटर पेट्रोल भरलं, लिटरमागे ८ रुपये कमी पडले. बचत २४० रुपये.
- एकूण बचत १,७४० रुपये.

गेलेले पैसे:
- येऊन-जाऊन १७० किलोमीटरच्या आसपास, अंदाजे ११ लिटर पेट्रोल, १,१०० रुपये.
- पाच जणांचं जेवण, १,६०० रुपये.
- चहा, आइस्क्रीम, मुलांचे गेम, पार्किंग, ७५० रुपये.
- एकूण खर्च ३,४५० रुपये.

म्हणजे १,७४० वाचवायला ३,४५० घातले. वजाबाकी केली तर खिशातून १,७१० रुपये जास्तच गेले. शिवाय यादीत नसलेली २,६०० रुपयांची खरेदी झाली ती वेगळी. दुकान बंद ठेवलं म्हणून बुडालेला नफा तर धरलाच नाही. बीबीएला ऑपॉर्च्युनिटी कॉस्टची व्याख्या पाठ करून मार्क मिळवले होते, पण तिचा अर्थ त्या रात्री कळला.

इथे बरेच ट्रेनर थांबतात आणि म्हणतात, "बघा, गिऱ्हाईक मूर्ख आहे!" अजिबात नाही. मी तो कागद बायकोला दाखवला तर ती म्हणाली, "हो, मग? वर्षातून एक दिवस सगळे एकत्र फिरलो ना?" तिचं बरोबर होतं. ते १,७१० रुपये म्हणजे नुकसान नाही, ती सहलीची किंमत आहे. स्वस्त खरेदी हे घरातून निघायला एक कारण असतं.

पण पलीकडे खरंच स्वस्त असतं का?

आपल्याकडे "गोव्यात स्वस्त" हे डोक्यात फार जुनं बसलंय. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत पत्रादेवी ही खरोखरची सरहद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यांचं स्मारक आजही आहे. पलीकडे पोर्तुगीज राज्य, त्यामुळे परदेशी माल गोव्यात सहज मिळायचा. मुक्तीनंतरही दोन राज्यांचे कर वेगळे होते, म्हणून काही वस्तूंत फरक पडायचा.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे बदललं. आज चप्पल, कपडे, बॅग यांवर ओरोसला जो दर तोच पर्वरीला. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर ५ टक्के, त्याच्यावर १८ टक्के. सगळ्या देशात सारखंच.

जीएसटीच्या बाहेर राहिलं ते पेट्रोल, डिझेल आणि दारू. म्हणून तिथे फरक दिसतो. दारूचं एक सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या परवान्याशिवाय गोव्याची बाटली इकडे आणणं गुन्हा आहे, आणि इन्सुलीला तपासणी होते. आई-मुलं गाडीत असताना ही हौस करू नका.

मग आउटलेटमध्ये माल कमी भावात कसा मिळतो? बराचसा माल मागच्या सीझनचा, नंबर तुटलेला असतो. काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळा मालही बनवतात. आणि बोर्ड वाचायला शिका:

- "५० + २०" म्हणजे ७० टक्के नाही. हजाराचे आधी ५००, मग त्यावर २० टक्के जाऊन ४००. एकूण सूट ६० टक्के.
- "दोनावर दोन फ्री" म्हणजे निम्मी किंमत, पण चार वस्तू लागणार असतील तरच.
- "५० टक्क्यांपर्यंत" यातला "पर्यंत" नेहमी बारीक अक्षरात असतो.

मग दुकानदाराने काय करायचं?

सहलीशी स्पर्धा करू नका. तुमच्या दुकानात एसी, गेम झोन आणि फिश थाळी येणार नाही. भाव पाडलात तर आधी तुम्हीच पडाल. आपण एवढंच बघायचं, की माणूस सहलीला जाईल तेव्हा सहलीसाठीच जावा, पाच नंबरच्या बुटासाठी नको. मी चार गोष्टी केल्या.

पहिली, "नाही" ची वही. गिऱ्हाइकाला ज्या ज्या वेळी "नाही" म्हणालो, ते त्याच वेळी लिहायचं. वस्तू, नंबर, तारीख, शक्य असेल तर फोन नंबर. महिन्याभरात निम्म्याहून जास्त नोंदी नंबर नसल्याच्या निघाल्या. भावावरून परत गेलेले अगदी थोडे होते. मी वर्षभर चुकीच्या आजाराचं औषध घेत होतो.

दुसरी, डिझाईन कमी, नंबर पूर्ण. शाळेच्या बुटांची अकरा मॉडेल ठेवायचो, एकाचेही सगळे नंबर नसायचे. आता चारच मॉडेल, पण लहान मुलांपासून दहावीपर्यंत प्रत्येक नंबर.

तिसरी, बदलून देणे. हे आपलं हुकमाचं पान आहे. पर्वरीला घेतलेला बूट मुलाला घट्ट झाला तर पुन्हा १६०-१७० किलोमीटर. माझ्याकडे बिल आणा, सात दिवसांत बदलून घ्या. दुकानात पाटी लावली आणि बिलावर शिक्का मारला.

चौथी, प्रत्येक वस्तूवर किंमत. घासाघीस करायला लाजणारी माणसं मॉलमध्ये निवांत असतात, कारण तिथे विचारावं लागत नाही.

यंदाच्या जूनला काय झालं? चमत्कार झाला नाही. ब्रँडचे स्पोर्ट्स शूज हवे असणारे अजूनही गोव्यालाच जातात. पण सीझन संपला तेव्हा पडून राहिलेला माल ४० हजारांवरून १४ हजारांवर आला, आणि व्यापाऱ्याचं देणं वेळेत गेलं. त्या ताई जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्या, पाच नंबर मागितला. आता त्याला सहा लागतो, घालून बघितल्यावर कळलं. सहाही होता.

म्हापशाहून माल आणणाऱ्यांसाठी

दुकानासाठी गोव्यातून माल उचलत असाल तर आपला जीएसटी नंबर द्या आणि बिलावर आयजीएसटी लावून घ्या. बिलात गोव्याचा एसजीएसटी लागला तर त्याचं क्रेडिट महाराष्ट्रात मिळत नाही. माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. गाडी आपली असली तरी.

गृहपाठ

१. उद्यापासून ३० दिवस "नाही" ची वही ठेवा.
२. बाहेर खरेदी करणाऱ्या पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "तिथे काय मिळालं जे माझ्याकडे नव्हतं?" उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. मी बोललो होतो, ती चूक तुम्ही करू नका.
३. स्वतःच्या पुढच्या सहलीचा वरच्यासारखा हिशोब लिहा.

वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये सांगा. पुढच्या व्हिडिओत चतुर्थीचा स्टॉक किती भरायचा, ते याच वहीवरून काढून दाखवतो.

भेटूया. आणि गोव्याला जरूर जा, पण यादी घेऊन!