विश्लेषणाचा पहिला पाठ : मोरोपंतांची कविता आणि बारामती परिसरातील नवा विद्यार्थी

१. प्रास्ताविक

पदवीच्या पहिल्या वर्षात साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे एक नवी मागणी उभी राहते. शालेय स्तरावर कवितेचा सरळ अर्थ सांगता आला म्हणजे पुरे होते. महाविद्यालयात तिचे विश्लेषण अपेक्षित असते. अर्थ सांगणे आणि विश्लेषण करणे यांत नेमका भेद कोणता, हे मात्र त्याला क्वचितच उलगडून सांगितले जाते. मग तो मार्गदर्शिकेतील सिद्ध अभिप्रायांचा आश्रय घेतो. 'भाषा ओघवती आहे', 'कवीची प्रतिभा दिसून येते', 'अलंकारांचा सुंदर वापर केला आहे' ही विधाने कोणत्याही कवितेला लावता येतात. म्हणूनच ती कोणत्याही एका कवितेविषयी काहीच सांगत नाहीत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बारामती परिसराच्या संदर्भात केला आहे. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि पिंपळीसारख्या भोवतालच्या गावांतील मुलामुलींना उच्च शिक्षण जवळ आले. त्यांतील अनेकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी होती. हीच बारामती मोरोपंतांची कर्मभूमी. ज्या कवीचे नाव विद्यार्थी लहानपणापासून आदराने ऐकतो, त्याच कवीच्या कवितेला प्रश्न विचारण्याचे शिक्षण त्याला कसे द्यावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

२. अभिप्रायांचा वारसा

मोरेश्वर रामचंद्र पराडकर ऊर्फ मोरोपंत (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळगडावरचा. केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले. पुढे बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस आले, पुराणिक म्हणून राहिले आणि आर्याभारतापासून केकावलीपर्यंतची प्रचंड रचना त्यांनी केली. त्यांची कविता ग्रंथगत असली तरी पुराण आणि कीर्तन यांच्या श्रवणपरंपरेशी तिचे नाते निकटचे आहे, ही गोष्ट विश्लेषणाच्या आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

या कवितेविषयी दोन परस्परविरोधी अभिप्राय रूढ आहेत. एका अभिप्रायानुसार मोरोपंत म्हणजे आर्येचे सम्राट, शब्दप्रभू, महाकवी. दुसऱ्यानुसार त्यांची कविता क्लिष्ट, यमकांच्या आहारी गेलेली आणि पांडित्यप्रदर्शक. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्या 'नवनीत' (१८५४) या वेच्यांच्या संग्रहाने प्राचीन कवींना पाठ्यक्रमात स्थान मिळवून दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त (१८७४–१८८१) मोरोपंतांच्या कवितेवर विस्ताराने लिहून तिच्यावरील आक्षेपांचा परामर्श घेतला. ल. रा. पांगारकरांनी या कवीच्या चरित्राचा आणि काव्याचा स्वतंत्र ग्रंथरूपाने विचार केला. या लेखकांचे अभिप्राय वाचनातून आले होते. ते मार्गदर्शिकेत उतरतात तेव्हा वाचन गळून पडते आणि केवळ निकाल उरतो.

विद्यार्थ्याने यांपैकी कोणता निकाल स्वीकारला, याला फारसे महत्त्व नाही. स्तुतीचे वाक्य पाठ करणारा आणि निंदेचे वाक्य पाठ करणारा, दोघेही कवितेपासून सारख्याच अंतरावर असतात. निकालाचे प्रश्नात रूपांतर करणे आणि तो प्रश्न संहितेवर पडताळणे, ही विश्लेषणाची पहिली पायरी होय.

३. आक्षेप आणि समाधान

ही पायरी केवळ पाश्चात्त्य समीक्षेतून आली, असा समज बाळगण्याचे कारण नाही. संस्कृत परंपरेने व्याख्यानाची पाच अंगे सांगितली आहेत : पदच्छेद, पदार्थकथन, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपाचे समाधान. यांतील पहिली चार अंगे कवितेचा अर्थ हाती देतात. पाचवे अंग निराळे आहे. येथे वाचक अर्थाला हरकत घेतो : हाच शब्द का, येथेच का, आधीच्या विधानाशी याचा मेळ कसा बसतो? हरकत घेतल्यावर तिचे उत्तर संहितेतूनच शोधावे लागते.

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केकावलीवर 'यशोदा पांडुरंगी' (१८६५) ही टीका लिहिली, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मराठी काव्यावर मराठीतच, व्याकरणाच्या शिस्तीने, श्लोकाश्लोकागणिक लिहिता येते, याचा तो वस्तुपाठ होता. आजच्या वर्गात या परंपरेपैकी पदार्थकथन, म्हणजेच शब्दार्थ, तेवढे टिकून राहिले आहे. आक्षेपाचे अंग लोपले, आणि त्याबरोबर विद्यार्थ्याचा आवाजही लोपला.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचा अभ्यास 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात मांडला. नाव काढून घेताच सुशिक्षित वाचकही किती गोंधळतो, हे त्यातून दिसले. बारामतीच्या वर्गात मोरोपंतांचे नाव झाकून ठेवणे जवळजवळ अशक्य आहे. ते गावाच्या स्मृतीतच आहे. तेव्हा नाव झाकण्याऐवजी नावाबरोबर आलेले अभिप्राय तपासावयास घेणे हा येथील अधिक स्वाभाविक मार्ग ठरतो.

४. मोजणे : पहिले साधन

'मोरोपंत हे आर्येचे कवी' हे विधान घ्यावे. छंदःशास्त्रानुसार आर्येच्या चार चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. विद्यार्थ्यांना मोरोपंतांच्या काही आर्या देऊन मात्रा मोजावयास सांगितल्यास बहुतेक ठिकाणी शेवटच्या चरणातही १८ मात्रा भरतात. म्हणजे शास्त्रदृष्ट्या ही गीती होय. रूढीने तिला आर्या म्हटले जाते. ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन मात्रा, जोडाक्षरापूर्वीचे अक्षर सामान्यतः गुरू, एवढ्या नियमांवर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एका सर्वमान्य विधानाला दुरुस्ती सुचवू शकतो. यात कवीचा अधिक्षेप नाही. मात्र 'असे म्हणतात' आणि 'असे आढळते' यांतील अंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटांवर कळते.

या परिसरातील विद्यार्थ्याचा कान कोरा नसतो, हेही येथे नोंदवावयास हवे. तुकोबांची पालखी बारामतीहून पिंपळी, काटेवाडी या वाटेने इंदापूरकडे जाते. दरवर्षी आषाढीच्या आधी अभंग त्याच्या दारावरून जातो. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार ही अक्षरांची ठेवण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांतील यमक त्याला व्याख्येवाचून ठाऊक असते. अभंगात अक्षरे मोजली जातात, गीतीत मात्रा. पहिल्यात टाळाच्या ठेक्याला पुरेल अशी मोकळीक आहे. दुसऱ्यात ऱ्हस्वदीर्घांचा हिशेब चुकवता येत नाही. हा फरक कानाने ओळखून मग परिभाषेत मांडणे, हा क्रम व्याख्येपासून आरंभ करण्यापेक्षा फलदायी आहे. घरातून आलेले ज्ञान येथे अडसर ठरत नाही; ते विश्लेषणाचे भांडवल होते.

अर्थात मोजणे म्हणजे विश्लेषण नव्हे. केकावलीचे पृथ्वी वृत्त १७ अक्षरांचे असून त्यात आठव्या अक्षरावर यती येतो. आठवे अक्षर गुरू आहे आणि त्यानंतर लागोपाठ तीन लघू येतात. ओळ थांबते आणि पुन्हा वेगाने निघते. एवढे वर्णन निर्विवाद आहे. परंतु 'म्हणून हे वृत्त करुणेला अनुकूल आहे' असे म्हणताच विद्यार्थी पुराव्याच्या पुढे जातो. एखाद्या श्लोकात याचनेचा शब्द यतीपाशी येतो की त्यानंतरच्या धावत्या लघूंत, हे पाहिल्यावरच वृत्त आणि आशय यांच्या संबंधाविषयी बोलता येते. आणि तेही त्या श्लोकापुरतेच.

५. बंधन आणि अर्थ

मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांत 'निरोष्ठ रामायण' आहे. ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरे, म्हणजे प-वर्ग, त्यात वर्ज्य. या रचनेकडे 'शब्दांची कसरत' म्हणून दुर्लक्ष केले जाते. विश्लेषणाच्या पहिल्या पाठासाठी मात्र ती फार उपयुक्त आहे.

नियम सांगितल्यावर विद्यार्थ्याने प्रथम त्याचे परिणाम शोधावेत. 'म' वर्ज्य झाला की 'राम' हेच नाव लिहिता येत नाही. लक्ष्मण, भरत, मारुती, बिभीषण, कुंभकर्ण हीही नावे जातात. सीता आणि दशरथ राहतात. उ आणि ओ या स्वरांच्या उच्चारातही ओठांचा सहभाग आहे आणि 'व' तर दंतोष्ठ्यच. कवीने बंधनाची मर्यादा कोठे आखली आहे, हे संहिता उघडून पाहण्याजोगे आहे.

त्यानंतर वर्गात एक साधे वाक्य घ्यावे : 'राम वनात गेला.' याचे निरोष्ठ रूप, नमुन्यादाखल, 'दशरथाचा ज्येष्ठ तनय काननी निघाला' असे होईल. आता आक्षेप घ्यावा : दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे काय? नाव गेले आणि त्याजागी नाते आले. 'ज्येष्ठ' या शब्दाने राज्यावरील अधिकार सूचित झाला आणि 'दशरथाचा तनय' या शब्दांनी पित्याचे वचन. वनगमनाच्या प्रसंगी हे दोन्ही संदर्भ अर्थवाही आहेत. त्याऐवजी 'सीताकांत काननी निघाला' असे म्हटले तर नियम तेवढाच पाळला जातो, पण वाक्याचा रोख सहगमनाकडे वळतो. युद्धप्रसंगी मात्र हेच 'सीताकांत' अन्वर्थक ठरेल, कारण ते युद्धच सीतेसाठी आहे.

यातून एक कसोटी हाती येते. बंधनामुळे आलेले विशेषण प्रसंगाशी जुळत असेल तर बंधनाने अर्थ निर्माण केला. कोणत्याही प्रसंगी तेच विशेषण योजलेले असेल तर बंधन केवळ पाळले गेले. 'कृत्रिम' हा शब्द आता विद्यार्थ्याला जबाबदारीने वापरता येतो. कोणती ओळ कृत्रिम आणि का, हे तो दाखवू शकतो, आणि शेजारचीच ओळ तशी का नाही, हेही.

६. अनुभव आणि संकेत

तिसरे उदाहरण शीर्षकाचे. 'केकावली' म्हणजे केकांची, मोराच्या टाहोंची, माळ. 'मयूर' ही कवीची नाममुद्रा. मोर ज्याला उद्देशून केकारव करतो तो मेघ मात्र शीर्षकात नाही. तो वाचकाने जाणावयाचा आहे. एका शब्दात बोलणारा, त्याचे बोलणे आणि ज्याला उद्देशून ते बोलणे आहे तो, असे तिन्ही सामावले आहेत.

बारामती आणि इंदापूर तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. नीरा डाव्या कालव्याने काही पट्टा बागायती झाला, उरलेला जिरायत राहिला. ढगाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे येथील विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे 'न येणाऱ्या मेघाची आर्त वाट पाहणारा मोर' असा अर्थ तो सहज लावतो. या अर्थाला त्याच्या अनुभवाचे बळ आहे आणि तो तत्काळ खोडून काढू नये. पण त्यालाही आक्षेपाची पायरी चढू द्यावी. काव्यसंकेतानुसार मेघाची वाट पाहतो तो चातक. मोर मेघ दिसल्यावर आनंदाने केकारव करतो. केकावलीचा आशय तर ईश्वराची स्तुती आणि त्याच्यापाशी केलेली कृपायाचना असा आहे. मग याचनेच्या काव्याला आनंदाच्या ध्वनीचे नाव का? मेघ दिसला आहे आणि अद्याप बरसला नाही, अशी ही अवस्था असेल काय? की नाममुद्रेच्या सोयीने मोर निवडला गेला? याचे उत्तर एकेका केकेपाशी थांबून शोधावे लागेल. स्वतःच्या अनुभवातून निघालेला विद्यार्थी संकेतापर्यंत आणि संकेतातून पुन्हा संहितेपर्यंत पोहोचला, म्हणजे विश्लेषणाला आरंभ झाला.

७. समारोप

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, पहिल्या वर्षात अभिप्रायापूर्वी वर्णनाला स्थान असावे : काय आढळते, ते कोठे आढळते आणि किती वेळा. दोन, शब्दार्थाबरोबर आक्षेपाचे अंग वर्गात पुन्हा आणावे. प्रत्येक विद्यार्थ्याने संहितेला निदान एक हरकत लेखी स्वरूपात घ्यावी आणि तिचे समाधान संहितेतूनच शोधावे. तीन, प्रश्नपत्रिकेत 'मोरोपंतांच्या काव्याची वैशिष्ट्ये लिहा' यासारख्या प्रश्नाशेजारी न शिकवलेल्या दोन आर्या देऊन त्यांचे विश्लेषण मागावे. तयार उत्तराचा उपयोग होत नाही तेथेच वाचनाची सवय लागते.

यात केवळ एका कवीच्या आकलनाचा प्रश्न गुंतलेला नाही. ज्या घरात आजवर पुस्तकाला नमस्कार केला गेला, पण पुस्तकाला प्रश्न विचारण्याचा प्रसंग आला नाही, तेथून येणाऱ्या विद्यार्थ्याला हा अधिकार महाविद्यालयानेच द्यावयाचा असतो. तो न मिळाल्यास पदवी हाती पडूनही त्याचे मत उसनेच राहते. मोरोपंतांची कविता प्रश्नांनी उणावेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ती श्रोत्यांपुढे उलगडून सांगणाऱ्या एका पुराणिकाने रचलेली आहे, आणि पुराणात श्रोत्याच्या शंकेला नेहमीच जागा असते.